टेस्ला कॉइलमध्ये स्पार्क नको तिथून उडतो? हाय व्होल्टेज इन्सुलेशन पहिल्यापासून, नागपूरच्या हवेचा विचार करून

टेस्ला कॉइल म्हणा, जुन्या पद्धतीची इंडक्शन कॉइल म्हणा, नाहीतर टीव्ही रिपेअरवाल्याकडून आणलेल्या फ्लायबॅकच्या (जुन्या टीव्हीतल्या हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या) कोअरवर स्वतः गुंडाळलेली सेकंडरी (जिच्यात जास्त व्होल्टेज तयार होतं ती वाइंडिंग) म्हणा, थोडक्यात हजारो व्होल्ट तयार करणारं काहीही म्हणा, नवीन पोट्ट्यांचा प्रश्न ठरलेला असतो, की दादा स्पार्क वरच्या टोकातून निघायला पाहिजे तर मधूनच निघून राहिला, आता कोणती टेप लावू? टेपने हे काम होत नाही. बहुतेक वेळा वीज प्लास्टिक फोडून जातच नाही, ती प्लास्टिकच्या अंगावरून सरपटत जाते किंवा आत अडकून राहिलेल्या हवेतून जाते, आणि आपण मात्र वरून थरावर थर चढवत बसतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून आधी अडकलेली हवा काढायची, पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा आणि लांब ठेवायचा, आणि मग राहिलंच तर जाडी वाढवायची, हेच सगळं मी खाली सांगतो.

आधी जिवाचं बघा

खालचं सगळं काम कॉइल बंद असताना, प्लग बोर्डातून काढून आपल्याला समोर दिसेल असा ठेवून करायचं. सर्किटमध्ये कपॅसिटर असेल तर प्लग काढल्यावरही तो चार्ज धरून ठेवतो, त्याच्या दोन टोकांत ब्लीडर रेझिस्टर (चार्ज हळूहळू उतरवणारा) कायमचा जोडलेला पाहिजे आणि शिवाय लांब प्लास्टिकच्या काठीला बांधलेल्या अर्थच्या तारेने दरवेळी टर्मिनल शॉर्ट करून मगच हात घालायचा. घरात आरसीसीबी (करंट अर्थला गळला की वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निवांत राहू नका, सेकंडरी मेनपासून वेगळी असते त्यामुळे तिचा करंट तुमच्या अंगातून गेला तरी आरसीसीबीला तो दिसत नाही आणि तो पडत नाही. हे फार लोकांना माहीतच नसतं. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर मी ह्या लेखातून बाहेर ठेवला आहे आणि नवशिक्यांनी तो घेऊच नये, दोन हजार व्होल्टच्या आसपास आणि करंट इतका की त्यातून माणूस सहसा वाचत नाही. एकट्याने टेस्टिंग करायचं नाही, मेन स्विच कुठे आहे हे माहीत असलेला माणूस सोबत पाहिजे, शाळा-कॉलेजचे असाल तर सर किंवा मॅडम समोर पाहिजेत, आणि पेसमेकर लावलेलं कोणी घरात असेल तर त्यांच्या आसपास हा उद्योग अजिबात नको.

आकडे थोडेच आहेत, पण ते डोक्यात पाहिजेत

गुळगुळीत आणि मोठ्या गोलाईच्या दोन तुकड्यांमध्ये हवा साधारण १ मिमीला ३ केव्ही (१ केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) सहन करते. पण टोक आलं, वायरचं कापलेलं तोंड आलं, सोल्डरचा काटा आला की हाच हिशोब १ मिमीला १ केव्हीच्या आसपास येतो, म्हणजे तिप्पट अंतर पाहिजे. आणि ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेलं व्होल्टेज आरएमएस, म्हणजे एसीची एक प्रकारची सरासरी असतं, फ्लॅशओव्हर (ठिणगीची उडी) होतो पीकवर, म्हणजे लाटेच्या सगळ्यात वरच्या टोकावर, तर १० केव्ही लिहिलं असेल तर तुम्ही १४ केव्हीचा हिशोब धरा.

आता नागपूरचा भाग. पुस्तकातला ३ केव्हीचा आकडा २० अंश तापमान आणि समुद्रसपाटीच्या दाबासाठी असतो. आपलं गाव ३१० मीटरच्या आसपास उंचीवर, आणि मे महिन्यात ४५ अंश. गरम हवा विरळ होते, विरळ हवेत इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला जास्त जागा मिळते आणि ती लवकर फुटते. दोन्ही गोष्टींचा गुणाकार केला तर हवेची घनता पुस्तकी आकड्यापेक्षा १० ते ११ टक्के कमी येते, म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी ३ केव्हीचे २.७ धरा. डिसेंबरमध्ये नीट चालणारी कॉइल मे मध्ये काहून फटफट करून राहिली ह्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

पावसाळ्याचं गणित वेगळं आहे आणि ते उलटं वाटतं. दमट हवा स्वतः काही वाईट इन्सुलेटर नसते, नुसत्या हवेच्या गॅपला तर ओलाव्याने उलट थोडी मदतच होते कारण पाण्याचे रेणू मोकळे इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात. बिघडतं ते पृष्ठभागावर. धुळीवर, हाताच्या घामावर ओल बसली की तिथे एक बारीक कंडक्टर तयार होतो. कोराडीच्या वीज केंद्रातून निघणाऱ्या मोठ्या लाइनच्या टॉवरखाली पहिल्या पावसात कधी उभं राहून ऐका, उन्हाळाभराची धूळ आणि राख तारा टांगणाऱ्या इन्सुलेटरच्या डिस्कवर बसलेली असते आणि ती ओली झाली की चरचर आवाज येतो. त्या डिस्कना खाली ज्या पन्हाळ्या-पन्हाळ्या असतात त्या शोभेच्या नाहीत, विजेला अंगावरून चालत जायचं अंतर वाढवायला आहेत. आपल्याला कॉइलवर हेच करायचं आहे.

अंगावरून जायच्या अंतराचा माझा स्वतःचा नियम असा, की स्वच्छ कोरड्या पृष्ठभागावर पीकच्या दर ३ केव्हीला १ सेंमी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये चालवणार असाल तर त्याच्या दुप्पट. कोणी ह्यापेक्षा कमीत भागवतं, भागवू द्या.

कुठून जाऊन राहिलं ते आधी शोधा

खोलीत अंधार करा, डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवा, मोबाइल स्टँडला लावून लांबून व्हिडिओ घ्या आणि नंतर तो थांबवून थांबवून बघा. जांभळी धूसर चमक आणि सूं असा आवाज म्हणजे कोरोना, म्हणजे तिथे काहीतरी टोकदार आहे. निळसर-पांढरी रेघ जी पृष्ठभाग धरून जाते ती फ्लॅशओव्हर. आणि एकाच ठिकाणी टिकटिक, तिथे सुईच्या टोकाएवढं काळं भोक, ते पंक्चर, हे तिन्हींत सगळ्यात कमी वेळा भेटतं. ओझोनचा उग्र वास यायला लागला की खिडकी उघडा आणि थांबा, तो छातीला चांगला नाही.

मग बंद करा, डिस्चार्ज करा, आणि टॉर्च तिरपा धरून भिंगातून बघा. फ्लॅशओव्हर झालेल्या जागी तुम्हाला तपकिरी, झाडाच्या फांदीसारखी बारीक नक्षी दिसेल, एक मूळ धागा आणि त्याला फुटलेले केसाएवढे फाटे. तो कार्बन आहे. प्लास्टिक नाहीतर वार्निश जळून झालेला कोळसा, आणि कोळसा वीज वाहून नेतो, म्हणून एकदा तिथून गेली की पुढच्या वेळी कमी व्होल्टेजला पण तिथूनच जाते. ह्याच्यावर वार्निशचा हात मारू नका, आतला रस्ता तसाच राहतो. कटरच्या पात्याने आणि बारीक पॉलिश पेपरने शेवटचा फाटा जाईपर्यंत खरवडायचं, खाली स्वच्छ मूळ रंग लागला पाहिजे, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसायचं, वाळवायचं, मगच नवीन थर. नक्षी वायरच्या दोन थरांच्या मध्ये शिरली असेल तर तेवढी वाइंडिंग काढूनच टाका.

एक गोष्ट खास टेस्ला कॉइलवाल्यांसाठी. सेकंडरीच्या अंगावर मधेच ठिणग्या वरखाली पळत असतील, तर दहातल्या बऱ्याच वेळा दोष इन्सुलेशनचा नसतोच, प्रायमरी (खालची कमी वेढ्यांची वाइंडिंग) आणि सेकंडरीचं कपलिंग, म्हणजे चुंबकीय जोडणी, जास्त झालेलं असतं किंवा ट्यूनिंग, म्हणजे दोघींची फ्रिक्वेन्सी जुळवणं, चुकलेलं असतं. सेकंडरी एक-एक सेंमी वर उचलून बघा. ठिणग्या थांबल्या तर वार्निशचे पैसे वाचले. खालच्या टोकाशी, बुडाशी ठिणगी पडत असेल तर अर्थिंग बघा. घराच्या अर्थिंगला सेकंडरी जोडायची नाही, तिला स्वतःचा वेगळा रॉड पाहिजे, आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगा पडून रॉडपासून सुटते, तेव्हा खड्ड्यात मीठ-कोळसा घालून आदल्या संध्याकाळपासून पाणी सोडायचं. अर्थ कच्चा असला की बूड शून्यावर राहत नाही आणि जिथे व्होल्टेज असायलाच नको तिथे ते चढतं.

पाइप, म्हणजे ज्यावर वायर गुंडाळायची तो फॉर्मर

प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप चालतो. पुठ्ठ्याची नळी ओल पिते, नवशिक्यांनी घेऊ नये. पाइपवर कंपनीचं नाव आणि साइज छापलेली शाई असते ती पॉलिश पेपरने पूर्ण काढा, शाईत काय मिसळलंय ते कोणी सांगत नाही. मग साबणाने धुवा, दोन दिवस उन्हात ठेवा, आपल्याकडचं ऊन ह्या कामाला फुकटचा ओव्हन आहे, फक्त पाइप आडवा आणि सरळ टेका नाहीतर मे मध्ये वाकतो. नंतर आयपीएने पुसून उघड्या हाताने धरायचा नाही, हातमोजे घाला, बोटाचा ठसा म्हणजे मीठ आणि तेल आणि ते वार्निशखाली कायमचं कोंडलं जातं.

वायर अडकवायला पाइपला भोक पाडून तिचं टोक आतून न्यायचं, हे शंभरातले नव्वद करतात. करू नका. बाहेर वाइंडिंगच्या पूर्ण लांबीवर जे व्होल्टेज पसरलंय ते आतल्या त्या तारेने एका झटक्यात जवळ आणून ठेवलं, आता वीज पाइपच्या आतल्या भिंतीवरून खाली येणार आणि ते तुम्हाला दिसणार पण नाही. टोक बाहेरूनच वर न्या, एक थेंब इपॉक्सीने चिकटवा. आत स्क्रू, नटबोल्ट, ॲल्युमिनियमची पट्टी काहीही नको. दोन्ही तोंडं प्लास्टिकच्या चकतीने इपॉक्सी लावून बंद करा, म्हणजे आत ओल, धूळ आणि पाल जाणार नाही.

गुंडाळताना

टेस्लाची सेकंडरी एकाच थरात, वेढ्याला वेढा लागून. कुठेही वेढा वेढ्यावर चढू द्यायचा नाही. हजार वेढ्यांवर दोन लाख व्होल्ट असले तरी शेजारच्या वेढ्यांत सरासरी २०० व्होल्टच येतात आणि तेवढं वायरचं इनॅमल (वरचा पातळ इन्सुलेशनचा लेप) आरामात झेलतं, पण एक वेढा दहा वेढे मागे उडी मारून बसला की तिथे २००० झाले.

बऱ्याच थरांच्या कॉइलमध्ये खरी मेहनत आहे. समजा १० केव्हीची सेकंडरी, १० थर, म्हणजे दर थराला १ केव्ही. डावीकडून उजवीकडे गेलात, उजवीकडून परत डावीकडे आलात, तर उजव्या टोकाला दोन थरांत फरक शून्य आणि डाव्या टोकाला २ केव्ही, पीकमध्ये २.८. कॉइल नेहमी ह्या टोकांनाच का जळते ते आता कळलं असेल. म्हणून दर थरानंतर मिलिनेक्स (पॉलिएस्टरची पातळ शीट), आणि एकच जाड घेण्यापेक्षा पातळ दोन वेढे, कारण एका शीटला बारीक छिद्र असलं तरी दुसरीचं छिद्र नेमकं त्याच जागी येत नाही. शीट वाइंडिंगपेक्षा दोन्ही बाजूंनी निदान ५ मिमी रुंद पाहिजे, वायर कडेपर्यंत नेली की वीज शीटच्या कडेवरून वळसा घालून खाली जाते आणि शीट किती किलोव्होल्टची आहे ह्याला काही अर्थ उरत नाही. मिलिनेक्स, लेदरॉइड (इन्सुलेशनचा जाड कागद), फायबरग्लास स्लीव्ह, वार्निश हे सगळं मोटर रिवाइंडिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, रेझिस्टर आणि बाकी इलेक्ट्रॉनिक्स नागपूरच्या बर्डीला (सीताबर्डीला), पाइप आणि हार्डवेअर इतवारीत.

ह्याच्यावरचा जुना आणि उत्तम उपाय म्हणजे सेकंडरी लांबच लांब थरांत न गुंडाळता पातळ-पातळ चकत्यांमध्ये गुंडाळायची आणि त्या एकापुढे एक जोडायच्या. बोस्टनच्या एडवर्ड रिचीने १८५७ मध्ये हे करून दाखवलं, पॅरिसच्या रुमकॉर्फने ते आपल्या कॉइलमध्ये घेतलं आणि १८६४ मध्ये त्याला ह्या कॉइलसाठी नेपोलियन तिसरा ह्याच्याकडून ५० हजार फ्रँकचं बक्षीस मिळालं. तेव्हा ना मिलिनेक्स होतं ना इपॉक्सी. कागद, मेण आणि डोकं. एका चकतीत व्होल्टेज थोडं, आणि कॉइलचं एक टोक दुसऱ्या टोकापासून खरोखर लांब. मला विचाराल तर इंडक्शन कॉइल करणाऱ्याने दुसऱ्या कुठल्या पद्धतीच्या नादाला लागूच नये.

वार्निश

पातळ थर, बरेच थर, आणि दोन थरांत पूर्ण वाळू देणे. एअर ड्राय वार्निश मागा, रिवाइंडिंगवाले जे भट्टीत भाजतात ते घरी सुकत नाही, वरून साय धरते आणि आत महिनाभर ओलं राहतं. कॉइल आडवी धरून हळूहळू फिरवत राहा नाहीतर खाली ओघळ जमतो. जुन्या ब्रशचा एक केस जरी थरात अडकला तरी भिंगाखाली त्याच्या बाजूने हवेची बारीक रेघ दिसते, आणि ती रेघ म्हणजे विजेसाठी तयार बोळ, तो चिमट्याने तिथल्या तिथे काढा. जुलैमध्ये वार्निश करायचं नाही. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थर दुधी होतो. ऑक्टोबर उजाडू द्या. गॅलरीत करा, बंद खोलीत नको, आणि जवळ गॅस-बिडी नको.

मेण, इपॉक्सी की तेल

बऱ्याच थरांची कॉइल नुसत्या वार्निशवर राहत नाही, मधल्या फटी भरायलाच लागतात, कारण घन पदार्थ आणि हवा असे एकापाठोपाठ आले की विजेचा ताण समसमान वाटला जात नाही. इपॉक्सीची परमिटिव्हिटी (पदार्थ विद्युत क्षेत्र किती सामावून घेतो त्याचा आकडा) साडेतीन-चार, हवेची १, आणि ताण उलट प्रमाणात वाटला जातो, म्हणजे इपॉक्सीतल्या एखाद्या चपट्या पोकळीतल्या हवेवर साडेतीन-चार पटीपर्यंत ताण येतो आणि ती बिचारी मुळातच कमजोर. आत रोज थोडं थोडं जळत राहतं, बाहेर काही दिसत नाही, आणि एक दिवस कॉइल जाते. म्हणून बुडबुड्यांसकट ओतलेल्या इपॉक्सीपेक्षा नीट भरलेलं साधं पॅराफिन मेण कधीही चांगलं.

मेण थेट गॅसवर वितळवायचं नाही, ते पेट घेतं, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा. कॉइल आधी ७०-८० अंशाला तासन् तास तापवून ओल घालवा, गरम असतानाच मेणात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. थंड होताना मेण आकसतं, तेव्हा खालून वर थंड होऊ द्या आणि वरून गरम मेण घालत राहा. एक अडचण आहे, मेण ५५-६० अंशाला वितळतं, म्हणजे मे मध्ये टिनाच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवलेली कॉइल मऊ पडून खचू शकते. गच्चीवरच्या खोलीवाल्यांनी इपॉक्सी नाहीतर तेल बघावं.

इपॉक्सी घ्याल तर सावकाश सेट होणारी घ्या, पाच मिनिटांवाली जाड ओतली तर स्वतःच्याच उष्णतेने उकळते. कोमट करून पातळ धारेने एकाच कोपऱ्यातून ओता, हवेला दुसरीकडून वर यायला जागा राहते. फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरने व्हॅक्यूम ओढणारे बरेच जण आहेत, ते चांगलंच काम करतं, पण व्हॅक्यूममध्ये असताना कॉइल चालू करून बघायची नाही. पाशेन ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्येच दाखवून दिलं होतं की दाब कमी केला की हवा एका हद्दीपर्यंत जास्त जास्त लवकर फुटते.

तेल सगळ्यात दयाळू, एकदा फ्लॅशओव्हर झाला तरी तेल परत येऊन जागा भरतं. ट्रान्सफॉर्मर ऑइलची चाचणी २.५ मिमी गॅपवर घेतात आणि फिल्टर केल्यावर तिथे निदान ६० केव्ही अपेक्षित असतात, हवा त्याच गॅपमध्ये दहालाही पोचत नाही. पण ओल आणि धागे हे त्याचे शत्रू. सुती कापडाने भांडं पुसलं आणि चार तंतू आत राहिले, तर ते ओल पिऊन विजेच्या दिशेने रांगेत उभे राहतात आणि पूल बांधतात. भांडं, कॉइल सगळं आधी कोरडं गरम करा. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेलं भंगारातलं तेल फुकट मिळालं तरी घेऊ नका, जुन्या तेलात पीसीबी नावाची विषारी रसायनं असू शकतात. नवीन सीलबंद घ्या, नाहीतर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन छोट्या कॉइलला पुरतं. इंजिन ऑइल नको. आणि तेल जळतं हे विसरू नका, धातूचं झाकण आणि वाळूची बादली जवळ.

टोकं, जोड आणि टेप

सोल्डरचा प्रत्येक जोड गोल थेंबासारखा पाहिजे, बोट फिरवलं तर टोचायला नको. कोरोना दिसतो तिथे प्लास्टिक लावण्याआधी मोठ्या गोलाईचा धातू लावून बघा, टेस्ला कॉइलवरचं टोरॉइड (मेदूवड्याच्या आकाराचं धातूचं कडं) हेच काम करतं. बाहेर येणाऱ्या लीडला (टोकाच्या तारेला) सिलिकॉन इन्सुलेशनची एचटी, म्हणजे हाय टेन्शन वायर घ्या. घरगुती काळी टेप साधारण ६०० व्होल्टची असते आणि आपल्या उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून धूळ धरतो, ती इथे कामाची नाही. नळाची पांढरी टेफ्लॉन टेप पण नाही, टेफ्लॉन चांगलं असलं तरी ती टेप ताणलेली आणि सच्छिद्र असते. सिलिकॉन सीलंट लावायचं असेल तर न्यूट्रल क्युअर मागा, व्हिनेगरसारखा वास येणारं तांबं खातं.

पहिल्यांदा चालू करताना

सगळं झाल्यावर निदान एक दिवस थांबा. डिमरस्टॅटने चौथाई व्होल्टेज, दहा मिनिटं, बंद, डिस्चार्ज, हात लावून कुठे गरम लागतं का बघा. मग अर्ध्यावर, मग पाऊण. प्रत्येक टप्प्यावर अंधारात व्हिडिओ. पूर्ण व्होल्टेजवर जायची घाई नको, कार्बनची रेघ एकदा पडली की सगळं खरवडणं आलं. एसीच्या खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आणलेली कॉइल लगेच चालू करायची नाही, तिच्यावर दव बसलेलं असतं, तासभर तिला बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. आणि जून ते सप्टेंबर कॉइल पडून राहणार असेल तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर निळं होईपर्यंत गरम करून परत टाका, तो तवा मग स्वयंपाकाला वापरायचा नाही.